मुक्तात्म्यांचे दप्तर

रॉक संगीताच्या चाहत्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात: गाण्यावर प्रेम करणारे आणि तारखेवर प्रेम करणारे. पहिल्या वर्गातला चाहता आवडलेले गाणे ऐकतो, फार तर आंघोळ करताना गुणगुणतो आणि आपल्या कामाला लागतो. त्याच्यासाठी अभ्यासकांनी कागद खर्ची घालावा असे त्यात काही नाही. दुसऱ्या वर्गातल्या चाहत्याला मात्र अमुक गाणे आवडते का असे विचारले, तर तो प्रश्नच अर्धवट वाटतो, कारण ते गाणे कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, मध्यंतरापूर्वी की मध्यंतरानंतर आणि कोणत्या गाण्याच्या शेपटाला बांधून वाजवले गेले, हे समजल्याखेरीज मत देणे त्याला बेजबाबदारपणाचे वाटते. या दुसऱ्या वर्गाचा पूर्ण पिकलेला नमुना म्हणजे अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचा चाहता होय. त्याला ‘डेडहेड’ म्हणतात. ही संज्ञा शब्दशः घेऊ नये. डोके जिवंतच असते, फक्त त्यात तारखा भरलेल्या असल्यामुळे इतर गोष्टींना जागा कमी उरते.

हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे जमला. त्याचे मूळ नाव ‘वॉरलॉक्स’. ते बदलण्याची वेळ आली तेव्हा मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया याने एक जाडजूड शब्दकोश उघडला आणि पुढ्यात आलेली नोंद उचलली. ‘ग्रेटफुल डेड’, म्हणजे कृतज्ञ मृतात्मा, ही लोककथांच्या अभ्यासातली संज्ञा आहे; एखाद्या बेवारस प्रेताचे अंत्यसंस्कार कोणी वाटसरू पदरमोड करून उरकतो आणि पुढे त्या मृताचा आत्मा अडीनडीला त्याच्या उपयोगी पडतो, अशा कथांच्या प्रकाराला ती लावली जाते. सगळ्या बंधनांना झुगारून द्यायला निघालेल्या या मंडळींच्या नामकरणाच्या मुळाशी असा एक शब्दकोश आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या बँडने तीस वर्षांत २,३०० हून अधिक कार्यक्रम केले आणि एवढ्या काळात त्याचे एकच गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिल्या दहांत शिरले. ते ‘टच ऑफ ग्रे’, साल १९८७, क्रमांक नववा. म्हणजे ज्या बँडला रेडिओने बावीस वर्षे फारसे विचारले नाही, तोच बँड नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिकीटविक्रीतून सर्वाधिक कमाई करणाऱ्यांत गणला जात होता. याचे कारण असे की तो कोणत्याही दोन रात्री सारखा वाजवत नसे. त्याच्या पोतडीत शेकडो गाणी होती, कोणते केव्हा निघेल हे सहसा आधी ठरलेले नसे, आणि निघालेले गाणे कोठवर जाईल हे तर वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. ‘डार्क स्टार’ हे त्यांचे गाणे १९६८ च्या तबकडीवर पुरती तीन मिनिटेही चालत नाही, पण मंचावर ते अर्धा-अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक चालल्याच्या नोंदी आहेत. दोन ओळींच्या बंदिशीवर तासभर चालणारा ख्याल ज्याने ऐकला आहे, त्या मराठी श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. उलट ती तबकडी कोणाच्या घाईमुळे तीन मिनिटांत आटोपली, असेच तो विचारील. हे साम्य अगदीच योगायोगाचे नव्हे. बँडचा तालवादक मिकी हार्ट याने उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून धडे घेतले होते, मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्याने पुढे ‘प्लॅनेट ड्रम’ हा ग्रॅमीविजेता संच केला, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस हा बँड अकरा मात्रांत बांधलेली एक रचनाही वाजवत असे. अकरा मात्रांवर टाळी कोठे द्यायची हे श्रोत्यांना ठाऊक नसल्याने त्यांनी नाचायला सुरुवात केली असावी, असा तर्क करण्यास वाव आहे.

आता मुख्य मुद्दा. या बँडचे आरंभीचे चाहते हिप्पी होते. नऊ ते पाचची नोकरी, मनगटावरचे घड्याळ, कारकुनी, फाइली, नमुना अर्ज आणि गळ्यातला टाय या सर्वांना कंटाळून घराबाहेर पडलेल्या तरुण पिढीला हे नाव मिळाले होते. त्यांनी केस वाढवले आणि बांधणीच्या रंगांचे सदरे घातले. एवढे करून झाल्यावर त्यांनी काय केले, तर एक वही विकत घेतली. कारकुनीतून सुटका करून घेतलेल्या या माणसांनी पुढच्या तीस वर्षांत जेवढे दप्तर उभे केले, तेवढे एखाद्या जिल्हा कचेरीलाही झेपले नसते.

वहीत प्रथम येते सेटलिस्ट, म्हणजे त्या रात्री कोणती गाणी कोणत्या क्रमाने झाली याची यादी. सभागृहात अंधार आहे, भोवतालचे हजारो लोक हात वर करून डोलत आहेत, पुढचा एक जण आनंदाने रडतो आहे, आणि आपला चाहता मात्र मांडीवरच्या वहीवर वाकून बोटभर पेन्सिलीने गाण्याच्या नावाची आद्याक्षरे लिहितो आहे, कारण पूर्ण नाव लिहिण्यात पुढच्या गाण्याचा पहिला सूर निसटण्याची भीती असते. एक गाणे न थांबता दुसऱ्यात मिसळले तर दोन्ही नावांमध्ये बाण काढायचा असतो. हा बाणही एकच नाही. साधे जोडकाम झाले तर एक खूण, आणि वादक खरोखर वाट शोधत शोधत एका गाण्यातून दुसऱ्यात उतरले तर निराळी खूण. कोणत्या रात्री कोणती खूण योग्य, यावर जुन्या मित्रांत अबोला धरण्यापर्यंत मतभेद होऊ शकतात. अशा वह्या एकत्र करून १९८७ साली ‘डेडबेस’ नावाचा ग्रंथ निघाला. कोणते गाणे किती वेळा वाजले, किती कार्यक्रमांच्या खंडानंतर परतले, कशानंतर आले, कशाच्या आधी आले, याचे त्यात तक्ते आहेत. हे पुस्तक कोणी वाचून काढत नाही. पंचांगाप्रमाणे ते पाहायचे असते.

तिकीट मिळवण्याची रीत तर याहून बोलकी आहे. १९७१ च्या एका तबकडीच्या वेष्टनातच बँडने चाहत्यांना आपापली नावे-पत्ते कळवण्याचे आवाहन केले होते, आणि बंधमुक्त जिवांनी हजारोंच्या संख्येने नोंदणी करून घेतली. १९८३ पासून बँडने टपालाने तिकिटे विकायला आरंभ केला. त्याचे नियम असे: तीन इंच बाय पाच इंचांच्या कार्डावर मागणी लिहायची, पैसे मनीऑर्डरच्याच रूपाने पाठवायचे, पाकीट ठरलेल्या आकाराचे हवे, त्यावरचा टपालाचा शिक्का ठरलेल्या तारखेचा हवा आणि आत परतीचे पाकीट हवे. यात चूक झाली की अर्ज बाद. तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला यातील काहीच अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच की तो माणूस अर्जावर चित्रे काढत नाही. डेडहेड काढत असे. पाकिटे उघडणाऱ्याचे लक्ष जावे आणि आपला नंबर लागावा या आशेने पाकिटावर गुलाब, कवट्या, नाचरे अस्वल असे सर्व काही जलरंगांत उमटत असे. ही रंगीत पाकिटे आज सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात बँडच्या इतर कागदपत्रांबरोबर जतन केलेली आहेत. सरकारी अर्जाला चित्रकलेचा दर्जा मिळाल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

तरीही दप्तराचा खरा गाभा वही नव्हे, कॅसेट हा आहे. कार्यक्रमात मायक्रोफोन उभारून स्वतः ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्याला ‘टेपर’ म्हणतात. इतर बँड अशा माणसाला पकडून बाहेर काढत. या बँडने १९८४ च्या ऑक्टोबरात त्याला बसायला स्वतंत्र जागा दिली. या औदार्यामागे थोडी व्यवहारबुद्धीही होती, कारण टेपरांच्या उंच काठ्यांमुळे ध्वनियंत्रणेवर बसलेल्या तंत्रज्ञाला मंचच दिसेनासा झाला होता आणि त्यांना त्याच्या पाठीमागे हलवणे भाग होते. टेपर हा या सर्व मेळ्यातला एकमेव शुद्धीवर असलेला मनुष्य. तो टाळ्या वाजवत नाही, कारण त्या टेपवर येतील. गात नाही, शेजाऱ्यालाही गाऊ देत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि वादक मात्र घड्याळाकडे पाहून वाजवत नाहीत. त्यामुळे गार्सियाची गिटार ऐन शिखराकडे निघाली की टेपरच्या कपाळावर घाम जमू लागतो. कॅसेट आत्ता उलटावी, तर शिखर हुकते. न उलटावी, तर शिखरावरच टेप संपते. अनेक थोर क्षण आज ‘खट्’ अशा आवाजाने दुभंगलेले उपलब्ध आहेत, आणि जाणकारांना त्या ‘खट्’शिवाय ते गाणे अपुरे वाटते.

या कॅसेटींचा व्यापार करायचा नाही, फक्त देवघेव करायची, असा दंडक होता. ज्याच्याजवळ अदलाबदलीला काही नाही अशा नवशिक्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवायचे. जुन्याने त्या भरून द्यायच्या. नकलेची नक्कल होताना दर पिढीला सरसर आवाज वाढत जातो. म्हणून प्रत कोणत्या पिढीतली, मूळ टेप कोणाची, यंत्रणेतून थेट घेतलेली की श्रोत्यांतून, मधली नक्कल कोणी केली, ही वंशावळ कॅसेटच्या कागदी वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेली असे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पंडितांनी काश्मिरी, बंगाली, मलयाळी अशा पोथ्यांची कुळे लावली आणि पाठभेद नोंदवले, त्याच जातीचे हे काम आहे. फरक असा की पंडितांना ते पुरे करायला सत्तेचाळीस वर्षे लागली आणि डेडहेडांचे अजून संपलेले नाही. खाजगी मैफलींच्या स्पूल पोटच्या पोरासारख्या जपणारी, आणि ऐकवण्यापूर्वी ही मैफल कोणाच्या दिवाणखान्यातली, तबल्याला कोण आणि मध्येच खोकते ते कोण, हे सांगणारी जी घरे पुण्या-मुंबईत आहेत, तेथे डेडहेडाला पहिल्याच भेटीत पाट मांडला जाईल.

सर्वांत पूज्य मानली गेलेली तारीख ८ मे १९७७ ही होय. त्या रात्री बँडने न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये वादन केले. बाहेर मे महिन्यात बर्फ पडत होता, आत बेटी कँटर-जॅक्सन ही बँडची ध्वनितंत्रज्ञ मुद्रण करत होती. पुढे तिच्या टेपा एका भाड्याच्या गोदामात पडल्या, भाडे थकले, आणि १९८६ साली त्या लिलावात निघाल्या. तेथून त्या चाहत्यांच्या हाती आल्या आणि नकलांना पूर आला. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने २०११ च्या यादीत या मुद्रणाचा समावेश राष्ट्रीय ठेवा म्हणून केला. एवढ्यावर एकमत व्हायला हरकत नव्हती, पण दुसऱ्याच रात्री, ९ मे रोजी, बँडने बफेलो येथे वाजवले होते, आणि खरी थोर रात्र ती, असे मानणारा एक पंथ आहे. कॉर्नेलवादी बफेलोवाद्यांना मुद्दाम वेगळे बोलणारे समजतात. बफेलोवादी कॉर्नेलवाद्यांना नवशिके समजतात. आणि दोघे मिळून त्या माणसाची कीव करतात ज्याला दोन्ही रात्री सारख्याच वाटतात.

चाहत्यांची निष्ठा यशाच्या आधारावर उभी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. महत्त्वाच्या प्रसंगी हमखास माती खाण्याबद्दल हा बँड स्वतःच प्रसिद्ध होता. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात पावसाने भिजलेल्या यंत्रणेमुळे वादकांना गिटारीतून विजेचे झटके बसत होते, आणि आपले त्या दिवशीचे वादन वाईट झाले हे त्यांनी पुढे मोकळेपणी सांगितले. १९७८ च्या सप्टेंबरात तर ते सर्व लवाजमा घेऊन इजिप्तला गेले आणि गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशी तीन रात्री वाजवले. योजना अशी होती की मोठ्या पिरॅमिडातल्या राजाच्या दालनापर्यंत तारा टाकायच्या आणि तेथे घुमून आलेला आवाज मंचावरच्या आवाजात मिसळायचा. ती फसली. साडेचार हजार वर्षे शांत पडलेल्या दालनाने आयत्या वेळी साथ दिली नाही, याचा दोष दालनाला देता येत नाही. पियानो बेसूर होता. तालवादक बिल क्रॉइट्समन याचे मनगट घोड्यावरून पडल्याने मोडले होते, म्हणून तो एका हाताने वाजवत होता. शेवटच्या रात्री मात्र आकाशात खग्रास चंद्रग्रहण लागले, आणि तेवढी एकच गोष्ट वेळापत्रकाप्रमाणे झाली. या रात्रींचे मुद्रण बँडला इतके नापसंत होते की ते तीस वर्षे बाजूला पडून राहिले; २००८ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा चाहत्यांनी ते डोक्यावर घेतले आणि बेसूर पियानोची स्वतंत्र चर्चा केली.

सभागृहाबाहेरचे जग निराळे. वाहनतळावर बाजार भरत असे, त्याला बँडच्याच एका तबकडीवरून ‘शेकडाउन स्ट्रीट’ म्हणत. बँडमागे गावोगाव फिरणारे लोक तेथे चीज सँडविच आणि रंगीत सदरे विकून पुढच्या गावच्या पेट्रोलची सोय करत. तिकीट नसलेला मनुष्य एक बोट वर करून गर्दीत फिरे; कोणी त्याला फुकट तिकीट दिले तर त्या तिकिटाला ‘मिरॅकल’, म्हणजे चमत्कार, म्हणत. पंथात उपपंथ होते: सभागृहाच्या बोळांत तासन्‌तास गिरक्या घेणारे, दारू-अमली पदार्थ सोडून पिवळे फुगे घेऊन मध्यंतरात एकमेकांना धीर देणारे, आणि ऐकू न येणारे चाहते, जे हातातल्या फुग्याला जाणवणाऱ्या कंपनांवर व खुणांच्या भाषेतल्या दुभाष्यावर सबंध कार्यक्रम घेत. हे सर्व पाहून १९८९ च्या उन्हाळ्यात रिबेका ॲडम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांचा वर्गच बँडमागे नेला. विद्यार्थी वह्या घेऊन गेले आणि तेथील प्रत्येकाजवळ आधीच वही होती. पंढरीच्या वारीची आठवण येथे अनेकांना होईल, पण ती तुलना फार ताणू नये: विठ्ठल अठ्ठावीस युगे एकाच जागी एकाच रूपात उभा आहे म्हणून वारकरी जातो, आणि डेडहेड जातो तो काल झाले तसे आज होणार नाही म्हणून.

तरुणपणी ज्या टायपासून पळ काढला त्याने शेवटी त्यांना गाठलेच. १९९२ साली गार्सियाच्या चित्रांवरून नक्षी घेतलेले नेकटाय बाजारात आले. काळा टी-शर्ट ही ज्याची ओळख, त्याच्या नावाचे टाय बँकांतले अधिकारी लावू लागले, कारण तोवर बरेचसे डेडहेड बँकांत अधिकारी झाले होते.

९ ऑगस्ट १९९५ रोजी गार्सियाचे निधन झाले. पुढच्या वर्षी एप्रिलात त्याच्या अस्थींचा काही भाग त्याचा सहकारी बॉब वेअर आणि गार्सियाची पत्नी यांनी ऋषिकेशला येऊन गंगेत सोडला. ‘ग्रेटफुल डेड’ हे नाव उरलेल्यांनी गार्सियाच्या निधनानंतर बाजूला ठेवले, आणि अखेरच्या कार्यक्रमांचे युग सुरू झाले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील ‘शेवटचे पाच प्रयोग’ या शब्दांचा अर्थ ज्याला अनुभवाने कळला आहे, त्याला पुढचा भाग सोपा जाईल. २०१५ साली पन्नास वर्षांच्या निमित्ताने निरोपाचे कार्यक्रम झाले. कॅलिफोर्नियातील पहिल्या रात्री मैदानावर इंद्रधनुष्य उमटले, आणि ते पन्नास हजार डॉलर खर्चून बनवून घेतलेले आहे अशी वदंता इतकी पसरली की ती छापूनही आली. निसर्गाला एवढे वेळेवर काम जमेल यावर लोकांचा विश्वास नव्हता आणि या बँडला जमेल यावर होता, जे इजिप्तचा अनुभव पाहता चमत्कारिकच होते. त्याच वर्षी उरलेल्यांपैकी काहींनी ‘डेड अँड कंपनी’ नावाने नवा बँड काढला, २०२३ मध्ये त्याचाही अखेरचा दौरा केला, २०२४ मध्ये लास व्हेगासमध्ये मुक्काम ठोकला आणि २०२५ मध्ये सान फ्रान्सिस्कोत साठावे वर्ष साजरे केले. चाहत्यांनी प्रत्येक अखेरीला तेवढ्याच श्रद्धेने रुमाल भिजवले.

जुन्या कार्यक्रमांच्या मुद्रणांची विक्री दरम्यान चालूच होती. १९७२ च्या युरोप दौऱ्यातील सर्वच्या सर्व २२ कार्यक्रम ७३ तबकड्यांवर घालून, प्रवासी ट्रंकेसारख्या पेटीत, ४५० डॉलरना २०११ साली विकायला काढले, तेव्हा ७,२०० पेट्या चार दिवसांत संपल्या. त्यांतल्या बऱ्याच घेणाऱ्यांपाशी हे कार्यक्रम कॅसेटवर आधीच होते. हा आक्षेप त्यांच्या घरच्यांनीही घेतला असेल.

या प्रेमाने गाठलेली परमावधी मात्र निराळ्याच बँडमध्ये पाहावी लागते. शिकागो येथे १९९७ साली ‘डार्क स्टार ऑर्केस्ट्रा’ निघाला. तो बहुतेक रात्री मूळ बँडचा एखादा जुना कार्यक्रम निवडून, तीच गाणी त्याच क्रमाने, त्या वर्षीच्या मांडणीसह वाजवतो. पण कोणती रात्र चालू आहे हे सांगत नाही. श्रोत्यांनी ओळखायचे असते. मंचावर एकच तालवादक दिसला की जाणता मनातल्या मनात १९७१ ते ७४ च्या दरम्यान येऊन बसतो, कारण त्या काळात हार्ट बाहेर होता. गायिका उभी असली तर ७२ पूर्वीचे व ७९ नंतरचे सारे गळून पडते. मग तिसरे गाणे येते, शेजारी दोन जण कुजबुजत पैज लावतात, आणि चौथ्या गाण्याला मागच्या रांगेतून कोणीतरी तारीख ओरडतो व चुकतो. कार्यक्रम संपल्यावर मंचावरून गाव आणि तारीख जाहीर होते, आणि वाद्यांना मिळाली नव्हती एवढी दाद त्या तारखेला मिळते. या बँडने आजवर ३,००० हून अधिक कार्यक्रम केले आहेत, म्हणजे नक्कल अस्सलापेक्षा कितीतरी अधिक झाली आहे. तिचीही दप्तरे अर्थातच ठेवली जातात. त्यांत प्रत्येक नोंदीपुढे दोन तारखा द्याव्या लागतात, एक कार्यक्रम झाला ती आणि दुसरी ज्या रात्रीचा झाला ती, आणि वही आखताना दुसऱ्या तारखेचा रकाना थोडा रुंद ठेवतात.